बाळाला इजा केल्याचा आरोप आई-वडिलांवर आला, तर काय करायचं

बाळ अचानक मलूल पडतं, किंवा एक पाय हलवायचंच बंद करतं, आणि तुम्ही त्याला उचलून हॉस्पिटलात धावता. एक्स-रे होतो. तासाभराने डॉक्टर परत येतात तेव्हा त्यांच्यासोबत आणखी कुणीतरी असतं. मघाशी विचारलेलाच प्रश्न पुन्हा विचारला जातो, फक्त आता उत्तर लिहून घेतलं जात असतं: "हे कसं झालं?"

वकिली करताना अशा आई-वडिलांसमोर मी पुष्कळदा बसले आहे. ते माझ्यापर्यंत पोचतात तोवर बहुतेक वेळा सर्वांत मोठं नुकसान होऊन गेलेलं असतं. घाबरलेल्या आईने किंवा बापाने मदत करण्याच्या भरात जे बोलून टाकलं, ते कागदावर उतरलेलं असतं आणि पुढची दोन वर्षं आम्ही त्या कागदाशी झगडत असतो. म्हणून सुरुवात पहिल्या तासापासून करते. कायदा देशागणिक वेगळा असतो आणि तुमच्या प्रकरणातली कलमं तुमचा वकीलच सांगेल. पण ही प्रकरणं उभी कशी राहतात आणि कुठे बिघडतात, यात देशोदेशी फार फरक नाही.

पहिले काही तास: अंदाज सांगू नका

बाळाचं हाड मोडलंय हे ऐकल्यावर आई-वडिलांचं डोकं कारण शोधायला लागतं. परवा पाळण्याच्या कठड्याला हात लागला होता. काल मोठीने त्याला एकटीनेच उचललं होतं. झोपेत माझाच हात त्याच्या अंगावर पडला असेल का? हे सगळे विचार प्रेमापोटी येतात. मग पहिला अंदाज परिचारिकेला सांगितला जातो, दुसरा डॉक्टरांना, तिसरा समाजसेविकेला. तिघंही आपापल्या कागदावर लिहून घेतात.

आता दुसऱ्या बाजूने बघा. बालरोगतज्ज्ञांना शिकवलेल्या संशयाच्या खुणा साधारण अशा असतात: दुखापतीशी न जुळणारी हकिगत, वेळोवेळी बदलणारी हकिगत, बाळाच्या वयात शक्यच नसलेली हालचाल, आणि उपचाराला झालेला उशीर. यातली दुसरी खूण तुम्ही तीन तासांत स्वतःच्या तोंडाने तयार करून दिलेली असते. कोर्टात ते तीन अंदाज 'पालकांनी तीन वेळा जबाब बदलला' अशा शब्दांत वाचले जातात.

म्हणून जे पाहिलं, ऐकलं, केलं, तेवढंच सांगा, वेळेसकट. "सहा वाजता दूध पाजलं तेव्हा दोन्ही पाय हलवत होता. साडेआठला लंगोट बदलताना उजवा पाय उचलला तसा किंचाळला. मधल्या वेळात काय झालं, मला माहीत नाही." हे पूर्ण उत्तर आहे. "माहीत नाही" म्हणायची लाज वाटते. आईला कसं माहीत नाही, असं समोरचा म्हणेल ही भीती असते. म्हणू दे.

याच्या उलटही तितकंच खरं. एखादी घटना खरोखर घडली असेल, बाळ पलंगावरून पडलं असेल, तुमच्या हातातून निसटलं असेल, तुम्हाला मांडीवर घेऊन डुलकी लागली असेल, तर ती पहिल्याच वेळी पूर्ण सांगा. सासू काय म्हणेल, नवरा काय म्हणेल म्हणून दडवलेलं पडणं आठवड्याने बाहेर आलं की त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, ते शंभर टक्के खरं असलं तरी.

उपचारासाठी लागणारी माहिती मात्र वकिलासाठी थांबवू नका. उलट्या, झटके, कुठलं औषध किती दिलं, शेवटचं दूध कधी घेतलं, घराण्यात कुणाला काय आजार आहे, हे लगेच आणि सगळं सांगा. बाळाला घेऊन हॉस्पिटलातून निघून जायचा विचारही करू नका. एक तर त्याच्या जिवाला धोका, आणि बहुतेक देशांत त्याच क्षणी तुमच्या हातातून मूल काढून घ्यायला कारण मिळतं.

त्याच रात्री एका कोपऱ्यात बसून मागच्या तीन दिवसांची नोंद लिहून काढा, शक्य तर दोघांनी वेगवेगळी. बाळ कुणाकुणाकडे होतं, किती वाजता, कोण खोलीत होतं, रडणं कधी बदललं. एकमेकांची नोंद वाचून जुळवून घेऊ नका. दोघांच्या आठवणीत थोडा फरक असणं स्वाभाविक आहे. शब्दन् शब्द जुळणाऱ्या दोन नोंदींवरच शंका घेतली जाते. वर तारीख आणि वेळ घाला, 'माझ्या वकिलासाठी' असं लिहा आणि वकिलाशिवाय कुणालाही देऊ नका.

डॉक्टर शत्रू नसतात, पण ते तुमचे साक्षीदारही नसतात

अनेक देशांत डॉक्टरांना संशय आला की कळवणं कायद्याने बंधनकारक असतं. खात्री लागत नाही, वाजवी संशय पुरतो. जे बाळ अजून पालथंही पडत नाही त्याच्या अंगावर साधा काळानिळा डाग दिसला तरी डॉक्टरांनी थांबून विचार करायला हवा, हे शास्त्र बरोबरच आहे, कारण अशा डागाकडे दुर्लक्ष झालेली काही बाळं पुढच्या वेळी मेलेली आणली गेली. त्यांच्यावर ओरडू नका. तुमचं ओरडणं, तुमचं गप्प बसणं, तुम्ही रडलात की नाही, सगळं नोंदवहीत जातं. शांतपणे एवढंच विचारा: कुठल्या तपासण्या झाल्या, कुठल्या बाकी आहेत, फोटो काढले का, आणि सगळ्याच्या प्रती कशा मिळतील.

दोन खटले, एकच गोष्ट

पालकांना सर्वांत उशिरा कळणारी बाब ही, की त्यांच्यावर एक नव्हे, दोन कारवाया चालू झालेल्या असतात. एक फौजदारी: पोलीस, अटक, जामीन, शिक्षा. दुसरी मुलाच्या संरक्षणाची: मूल कुणाकडे राहील, तुम्ही त्याला कधी भेटाल, ते कायमचं दुसऱ्या घरी जाईल का. कोर्ट वेगळं, तारखा वेगळ्या, आणि पुराव्याची पट्टीही वेगळी.

फौजदारी खटल्यात गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हावा लागतो. मुलाच्या प्रकरणात बहुधा त्याहून कमी पुरतं. इंग्लंडमध्ये २००८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, स्पष्ट केलं, की अशा प्रकरणात 'घडलं असण्याची शक्यता न घडण्यापेक्षा जास्त' एवढंच बघायचं, आरोप कितीही गंभीर असला तरी. अमेरिकेत पालकत्वाचे हक्क कायमचे काढून घ्यायचे असतील तर 'स्पष्ट आणि खात्रीलायक' पुरावा लागतो, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली ठरवलं. पण तेही फौजदारी पट्टीपेक्षा खालचंच. म्हणजे पोलिसांनी प्रकरण बंद केलं, किंवा तुम्ही निर्दोष सुटलात, तरी मूल आपोआप घरी येत नाही. पोलिसांचं मिटू दे, मग मुलाचं बघू, असं म्हणून दुसऱ्या कोर्टातल्या तारखा हलक्यात घेणाऱ्या आई-वडिलांना मी पाहिलं आहे. त्यांची नंतरची अवस्था मी इथे लिहीत नाही.

वकील निवडताना म्हणून एकच प्रश्न आधी विचारा: "तुम्ही मुलांच्या संरक्षणाची आणि वैद्यकीय पुराव्याची प्रकरणं चालवली आहेत का?" ओळखीतला जमिनीचे दावे चालवणारा वकील कितीही हुशार असला तरी त्याला एक्स-रेचा अहवाल उलटतपासता येणार नाही. दोन वेगळे वकील घ्यावे लागले तर त्यांचं एकमेकांशी बोलणं करून द्या. एका कोर्टात दिलेलं निवेदन दुसऱ्या कोर्टात वापरलं जाऊ शकतं का, हे निवेदन देण्याआधी त्यांच्याकडून समजून घ्या.

पैसे नसतील तरी वाट असते. इंग्लंडमध्ये पोलीस ठाण्यातला कायदेशीर सल्ला सगळ्यांना मोफत असतो, आणि मूल काढून घेण्याच्या दाव्यात पालकांना उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. भारतात १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रिया, मुलं आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. अमेरिकेत गंभीर फौजदारी खटल्यात गरीब आरोपीला वकील देणं १९६३ पासून बंधनकारक आहे, मुलाच्या प्रकरणात मात्र राज्याप्रमाणे नियम बदलतात. पहिल्याच तारखेला अर्ज करा.

आता जड विषय. नवरा-बायकोने एकच वकील घ्यावा का? सुरुवातीला दोघांनाही वाटतं की वेगळा वकील म्हणजे एकमेकांवर अविश्वास. पण दुखापत झाली तेव्हा बाळ काही वेळ फक्त एकाजवळ होतं, असं दिसत असेल तर दोघांचं हित वेगळं होऊ शकतं आणि प्रामाणिक वकील दोघांचं काम एकत्र करणारच नाही. इंग्लंडमध्ये कोर्ट 'या दोघांपैकी एकाने केलं, कुणी ते सांगता येत नाही' असाही निष्कर्ष काढू शकतं आणि त्याचा भार दोघांवर पडतो. शिवाय 'मुलाचं रक्षण केलं नाही' हा वेगळा आरोप असतो. वेगळा वकील घेणं म्हणजे जोडीदाराला दोषी ठरवणं नव्हे.

पोलिसांसमोर, आणि दुभाषासमोर

गप्प राहण्याचा हक्क बऱ्याच देशांत आहे. भारतात राज्यघटनेच्या २०(३) कलमाप्रमाणे गुन्ह्याचा आरोप असलेल्या कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, आणि २२(१) प्रमाणे अटक झालेल्याला पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क आहे. अमेरिकेत कोठडीतल्या चौकशीआधी हे हक्क वाचून दाखवावे लागतात, पण घरी आलेला बालसंरक्षण अधिकारी ते वाचून दाखवेलच असं नाही, आणि त्याच्याशी झालेलं बोलणं पोलिसांपर्यंत पोचतं. इंग्लंडमध्ये १९९४ च्या कायद्यापासून वेगळाच पेच आहे: चौकशीत न सांगितलेली गोष्ट नंतर कोर्टात बचाव म्हणून सांगितली, तर त्यावरून तुमच्याविरुद्ध निष्कर्ष काढता येतो. त्यामुळे बोलायचं की नाही, हे चित्रपट बघून ठरवू नका. तुमचं वाक्य एकच: "मला सहकार्य करायचं आहे. माझा वकील आला की बोलेन." हे शांतपणे, दर वेळी तेवढ्याच शब्दांत म्हणा.

परक्या भाषेच्या देशात असाल तर जे सांगणार आहे ते नीट वाचा, कारण हे कुठल्याही वकिलाला आपोआप कळणार नाही. "बाळ डोळे उघडेना म्हणून मी त्याला हलवून बघितलं." आपल्या कानाला हे काळजीचं वाक्य आहे. दुभाषाने 'हलवलं' या शब्दासाठी गदागदा हलवणं या अर्थाचा शब्द वापरला, की डॉक्टरांना ज्या कृतीचा संशय आहे नेमकी तीच तुम्ही कबूल केली असं होतं. "बाळ आपटलं" आणि "बाळाला आपटलं" यांत एका प्रत्ययाचा फरक आहे, पण एकात अपघात आहे आणि दुसऱ्यात गुन्हा. "हातातून सुटलं" आणि "हातातून सोडलं", "लागलं" आणि "मारलं", थकलेल्या माणसाच्या तोंडून आणि घाईतल्या दुभाषाकडून यांची अदलाबदल सहज होते. म्हणून एकाच शब्दावर विसंबू नका, कृती सांगा: "मी गालाला बोट लावलं, खांद्यावर हात ठेवून दोनदा हाक मारली, मग उचलून खांद्यावर घेतलं. मान माझ्या तळहातावर होती." वाक्यं छोटी ठेवा. दुभाषा मराठीच बोलणारा मागा, जवळची दुसरी भाषा बोलणारा चालवून घेऊ नका. नातेवाइकाला दुभाषा करू नका. सही करण्याआधी निवेदन मराठीत वाचून घ्या, आणि चौकशीचं ध्वनिमुद्रण होतंय ना हे विचारा, कारण मूळ मराठी शब्द नंतर तपासायला तोच पुरावा उरतो.

परदेशी नागरिक म्हणून अटक झाली तर १९६३ च्या व्हिएन्ना करारातल्या ३६ व्या कलमाखाली तुमच्या देशाच्या वकिलातीला कळवायची मागणी करता येते. वकिलात खटला लढत नाही, पण वकिलांची यादी, दुभाषा आणि नातेवाइकांशी संपर्क यात तिची मदत होते.

पुरावा जपणं

फोनमधलं काहीही पुसू नका. भांडणाचे मेसेज असतील, "आज हा मला वेडं करणार" असं वैतागून बहिणीला लिहिलेलं असेल, तरीही नाही. प्रत्येक थकलेल्या आईने असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि वकील ते समजावून सांगू शकतो. पुसलेल्या मेसेजचं समर्थन कुणालाच करता येत नाही. बाळाचे फोटो आणि व्हिडिओ मूळ स्वरूपात राखा, कारण त्यांत तारीख-वेळ असते. एका प्रकरणात आंघोळीच्या पंचवीस सेकंदांच्या व्हिडिओत बाळ जो हात व्यवस्थित उचलताना दिसत होतं, तोच हात आठ दिवसांपूर्वी मोडल्याचा अहवाल होता. तो व्हिडिओ आजीच्या फोनमध्ये होता आणि जागा भरली म्हणून ती दुसऱ्या दिवशी पुसणार होती.

मग जन्मापासूनचे कागद मागवा: प्रसूतीची पूर्ण नोंद (चिमटा किंवा व्हॅक्यूम लावला होता का), जन्मानंतर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिल्याची नोंद, वजन आणि डोक्याच्या घेराचा तक्ता, लसीकरण, आधी बाळाला कुठल्या डॉक्टरांना कशासाठी दाखवलं ते सगळं. आईच्या गरोदरपणातले रक्ताचे अहवालही. जन्मतः पाठीवर, कुल्ल्यांवर असणारे निळसर डाग आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या बाळांत खूप आढळतात आणि ते मुका मार समजले जाऊ शकतात. जन्मनोंदीत त्यांचा उल्लेख असेल तर तो मुद्दा तिथेच मिटतो.

वैद्यकीय बाजू

या प्रकरणांत डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार जवळजवळ कधीच नसतो. सगळा खटला डॉक्टरांच्या अर्थ लावण्यावर उभा असतो, म्हणून पालकांनीही थोडं वैद्यक शिकून घ्यावं लागतं.

हाडांचं आधी. वर्षाच्या आतल्या बाळाच्या मागच्या बाजूने मोडलेल्या बरगड्या आणि लांब हाडांच्या टोकांशी दिसणारे बारीक तुकडे यांना डॉक्टर मारहाणीची जोरदार खूण मानतात. पण हाडं ठिसूळ करणारे आजार आहेत. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा. घराण्यात वारंवार मोडणारी हाडं, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात निळसर झाक, लवकर आलेला बहिरेपणा असेल तर वकिलाला आणि डॉक्टरांना सांगा आणि जनुकीय तपासणी मागा. मुडदूस असेल तर रक्तातलं व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, फॉस्फेट, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि पॅराथायरॉइड हार्मोन एकत्र बघावं लागतं. पूरक थेंब सुरू झाल्यावर आकडे बदलतात, म्हणून हे रक्त लवकर घेतलं जायला हवं. इथे एक कटू गोष्ट सांगते: नुसतं व्हिटॅमिन डी कमी आहे म्हणून फ्रॅक्चरचं स्पष्टीकरण होत नाही. ते कित्येक निरोगी बाळांतही कमी असतं. एक्स-रेवर हाडांत बदल दिसतात का, हा खरा प्रश्न आहे.

पण बदल असून ते वाचले गेले नाहीत, असंही घडलं आहे. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात २०११ च्या डिसेंबरात एका तरुण जोडप्याची, आपल्या काही महिन्यांच्या बाळाच्या खुनाच्या आरोपातून, खटला अर्ध्यावर असतानाच सुटका झाली. त्या बाळाला मुडदूस होता हे शवविच्छेदनात उघड झालं होतं. दरम्यान त्यांचं दुसरं मूल जन्मताच काढून घेतलं गेलं होतं. ते परत मिळायला २०१२ चा कौटुंबिक न्यायालयाचा वेगळा निकाल लागला.

सुमारे दोन आठवड्यांनी सगळ्या हाडांचे एक्स-रे पुन्हा काढायला सांगतात. त्याला नकार देऊ नका. पहिल्यांदा न दिसलेलं फ्रॅक्चर त्यात दिसू शकतं हे खरं, पण पहिल्यांदा फ्रॅक्चर वाटलेली रेघ भरून येण्याची काहीच खूण न दाखवता तशीच राहिली तर ते फ्रॅक्चर नव्हतंच, हेही त्यातच कळतं. हाड कधी मोडलं याचा अंदाज एक्स-रेवरून दिवसांच्या नव्हे, आठवड्यांच्या अंतराने येतो. अहवालात नेमकी तारीख दिसली तर वकिलाला ती खोडून काढायला सांगा. मुक्या माराच्या डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा आहे हे ठरवणं तर मुळातच विश्वासार्ह नाही.

रक्तस्राव असेल तर रक्त गोठण्याच्या तपासण्या. 'सगळं नॉर्मल आहे' एवढ्यावर थांबू नका, काय काय तपासलं ते विचारा. रक्त गोठण्याच्या नेहमीच्या दोन चाचण्या फॅक्टर तेरा या रक्त गोठवणाऱ्या घटकाच्या कमतरतेत नॉर्मलच येतात. फॉन विलेब्रांड घटक कमी असल्याने होणारा रक्तस्रावाचा आजार सौम्य असेल तर तोही त्यांतून सुटतो, आणि बाळ तणावात असताना त्या घटकाचं प्रमाण तात्पुरतं वाढतं म्हणून ती चाचणी पुन्हा करावी लागते. बाळाला रक्त चढवण्याआधीचा नमुना राखलेला आहे का, हे पहिल्या दिवशी विचारा. जन्मानंतर व्हिटॅमिन के न मिळालेल्या, फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळात काही आठवड्यांनी मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. ग्लुटारिक अ‍ॅसिडुरिया टाइप १ हा दुर्मीळ चयापचयाचा आजार मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाचं चित्र उभं करतो, त्यासाठी लघवीची तपासणी असते.

आणि मग सर्वांत वादाचा विषय: बाळाला गदागदा हलवल्याचं निदान. मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव, डोळ्यांच्या पडद्यात रक्तस्राव आणि मेंदूला सूज किंवा इजा, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की हे निदान केलं जायचं. ही कल्पना मांडणाऱ्यांतले एक, ब्रिटिश मेंदूशल्यविशारद नॉर्मन गथकेल्च यांनी १९७१ मध्ये तिच्यावर लिहिलं आणि उतारवयात, २०१२ मध्ये, तिचा सरसकट वापर होतोय अशी काळजीही त्यांनीच लिहून व्यक्त केली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००९ साली निदानाचं नाव बदललं, पण अशी इजा खरोखर होते आणि ओळखता येते यावर ती ठाम आहे. स्वीडनच्या सरकारी आरोग्य मूल्यमापन संस्थेने २०१६ मध्ये म्हटलं, की फक्त या तीन खुणांवरून हलवल्याचं ओळखता येतं याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही. त्या अहवालावर जगभरच्या डॉक्टरांनी टीकाही केली. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००५ मध्ये अशी चार प्रकरणं एकत्र ऐकली: दोन शिक्षा रद्द झाल्या, एक कमी झाली, एक कायम राहिली. या आकड्यांकडे मी माझ्या अशिलांचं मुद्दाम लक्ष वेधते. 'हे निदान थोतांड आहे' हा युक्तिवाद चालत नाही. 'या बाळात, या खुणांचं दुसरं कारण तपासलं गेलं नाही' हा चालतो.

तज्ज्ञ शोधताना हेच लक्षात ठेवा. आज प्रत्यक्ष बाळं तपासणारा बाल-रेडिओलॉजिस्ट, रक्तविकारतज्ज्ञ, डोळ्यांचा डॉक्टर घ्या. प्रत्येक खटल्यात पालकांच्याच बाजूने बोलणारा तज्ज्ञ कोर्टाला माहीत असतो. त्याला एक्स-रे आणि स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल पाठवा, अहवालाची प्रत पुरत नाही. आणि सगळी कागदपत्रं मागा, खरोखर सगळी. इंग्लंडमध्ये १९९९ साली सॅली क्लार्क या आईला दोन बाळांच्या खुनाची शिक्षा झाली. ती २००३ मध्ये सुटली, कारण एका बाळाच्या शरीरात सापडलेल्या जंतुसंसर्गाचे अहवाल बचाव पक्षाला दिलेच गेले नव्हते.

मूल कुठे राहील

पहिल्याच बैठकीत नातेवाइकांची नावं द्या. आजी-आजोबा, मावशी, काका, पत्त्यासकट, आणि ते आधीच तयार आहेत ना हे विचारून. यंत्रणेला घाईत कुटुंब सापडलं नाही तर मूल अनोळखी घरी जातं आणि तिथून हलवणं दर महिन्याला कठीण होत जातं.

'सुरक्षा आराखडा' किंवा 'स्वेच्छेची संमती' म्हणून एखादा कागद पुढे केला जाईल. सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: तो किती दिवसांचा, मी मागे घेऊ शकते का, आणि सही केली नाही तर काय. वकिलाशी बोलायला एक तास मागा, तो बहुधा मिळतो. सही केलीत तर मग तंतोतंत पाळा.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं नववं कलम सांगतं, की वेगळं केलेल्या मुलाला दोन्ही पालकांशी नियमित संपर्काचा हक्क आहे, तो त्याच्या हिताविरुद्ध नसेल तर. हा मुलाचा हक्क आहे, म्हणून मुलाच्या नावाने मागा. देखरेखीखालच्या भेटीत कुणीतरी वही घेऊन बसलेलं असतं. तरी जा. एकही भेट चुकवू नका, वेळेआधी पोचा, अंगावर पाजत असाल तर दूध काढून पाठवण्याची सोय मागा. भेटीत खटल्याबद्दल अवाक्षर नको. मूल तुमच्याकडे बघून रडलं किंवा ओळखलं नाही, तर तिथे स्वतःला सावरा आणि बाहेर येऊन रडा. घरी परतल्यावर त्या भेटीची स्वतःची नोंद लिहा.

जामिनाच्या अटींत मुलाला, कधी एकमेकांनाही, भेटायची बंदी असते. कुणाच्या तरी फोनवरून पाच मिनिटं बोलणंही अटीचा भंग ठरतो. अट जाचक असेल तर कोर्टात बदलून मागा. मुलाला घेऊन देश सोडायचा सल्ला देणारे नातेवाईक भेटतात. १९८० च्या हेग करारात असलेल्या देशांत ते मूल परत पाठवलं जाऊ शकतं, आणि तुमच्यावर अपहरणाचा आरोप लागतो. समाजमाध्यमांवर बाळाचा फोटो टाकून न्याय मागणंही टाळा. मुलाची ओळख उघड करणं भारतासह अनेक देशांत गुन्हा आहे.

आणि खरंच घडलं असेल तर

हेही लिहिणं भाग आहे. कधीकधी बाळाला इजा खरोखर कुणीतरी केलेली असते, झोपेविना गेलेल्या तिसऱ्या आठवड्यात, एका मिनिटात. ते तुम्ही केलं असेल तर फक्त तुमच्या वकिलाला सांगा. ते बोलणं गोपनीय असतं. तो तुमच्या वतीने खोटं बोलणार नाही, पण पुढे कसं जायचं हे तोच सांगू शकेल. खोटी गोष्ट रचू नका, दुसऱ्यावर ढकलू नका. जोडीदाराने केलं असा संशय असेल तर त्याला वाचवणं ही तुमची जबाबदारी नाही. बाळ पुन्हा त्याच्या हातात जाणार नाही, ही आहे. स्वतंत्र वकील घ्या, वेगळं राहायची सोय करा, आणि हे लवकर करा. उशिरा घेतलेल्या या निर्णयामुळे मूल दोघांनाही मुकतं.

निकालानंतर

सुनावणीत तुमची उलटतपासणी होईल. तिथेही पहिल्या दिवसाचाच नियम: पाहिलेलं सांगा, अंदाज नको. निकाल विरुद्ध गेला तर अपिलाची मुदत त्याच दिवशी विचारा, ती काही ठिकाणी जेमतेम काही आठवड्यांची असते.

निकाल बाजूने लागला तरी काम उरतं. दोन्ही कोर्टांच्या निकालाच्या प्रमाणित प्रती घ्या. बालसंरक्षणाच्या नोंदवहीत तुमचं नाव वेगळं नोंदलेलं असू शकतं. ते काढण्याचा अर्ज वेगळा करावा लागतो, नाहीतर नोकरीच्या पडताळणीत ते वर येतं. मूल घरी आल्यावर काही आठवडे तुम्हाला सोडून दुसऱ्या कुणाला शोधेल, रात्री दचकून उठेल. त्याला तिथे सांभाळलेल्या माणसांशी एकदम तोडू नका.

आणि अर्धवट राहिलेल्या तपासण्या पूर्ण करा. हाडांचं किंवा रक्ताचं निदान झालं असेल तर त्याचं पत्र पाळणाघरात, शाळेत आणि तुमच्या पिशवीत कायम असू द्या. पुन्हा कधी हाड मोडलं, तर समोरचा डॉक्टर नवा असेल.